भाटातलं घर आणि सुनेची सही

वाचकाचं पत्र, थोडक्यात: माहेर सावंतवाडीकडचं, सासर गोव्यातल्या बार्देशात. सासऱ्यांच्या नावे २४०० चौरस मीटरचं भाट, म्हणजे माडांची बागायत, आहे. सासू-सासरे दोघेही वारले, वाटण्या झालेल्या नाहीत. वारस तिघे: पत्र लिहिणाऱ्या बाईंचा नवरा, इंग्लंडात स्विंडनला असलेला दीर आणि मुंबईची नणंद. भाटाच्या कोपऱ्यात एका मुंडकार कुटुंबाचं (जमीनमालकाच्या संमतीने त्याच्या जमिनीत राहणाऱ्यांचं) मातीच्या भिंतींचं घर आहे, तीन पिढ्यांचं. आज तिथे साठीच्या एक विधवा बाई आणि पिकअप चालवणारा त्यांचा मुलगा राहतात. त्या बाईंच्या सासूने हयातभर भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, घरी पाणी भरलं, नारळ वेचले, फेस्ताआधी (चर्चच्या सणाआधी) भिंतींना चुना काढला. मजुरी म्हणून हातावर कधी काही पडलं नाही. मध्यंतरी मुलाने संडास बांधायला आणि छप्पर बदलायला ना-हरकत मागितली, ती सासूबाईंनी दिली नाही. आता एक बिल्डर चौरस मीटरला २० हजार रुपये द्यायला तयार आहे, पण जागा रिकामी हवी. दीर म्हणतो, पाच लाख देऊन त्यांना उठवू. नवरा म्हणतो, आपलं तारण, म्हणजे उद्धार, देवाच्या कृपेने झालंय, बायबल म्हणजे काही लँड रेव्हेन्यू कोड नव्हे. आणि पाच लाख म्हणजे दयाच झाली. वर्षभर बायबल वाचनाच्या गटात जाणाऱ्या या बाईंची झोप उडाली आहे. त्या विचारतात: त्यांच्या घरी जाऊन क्षमा मागितली तर पुरे होईल का? पाच लाख देणं ही ख्रिस्ती दया नव्हे का? आणि मी पडले सून, मी यात तोंड उघडावं का?

ताई,

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेऊ, कारण बाकीच्या दोन्हींचं कुलूप त्यानेच उघडतं. गोव्यात सून एवढी ‘पडलेली’ नसते. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून चालत आलेली इथली पद्धत अशी, की लग्नाची नोंद गोव्यात झाली असेल आणि लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल, तर नवरा-बायकोची मालमत्ता सामायिक धरली जाते. वारसाने आलेली मालमत्ताही त्यातच येते. म्हणून स्थावर विकायची तर दोघांच्या सह्या लागतात. तुमच्या लग्नाचा दाखला एकदा वकिलाला दाखवून खात्री करून घ्या, पण बहुधा बिल्डरच्या खरेदीखतावर तुमचीही सही लागणार. सही केली तरी तुम्ही बोललात, नाही केली तरी बोललात. गप्प राहण्याची सोय तुम्हाला नाहीच.

आता पाच लाखांकडे येऊ. तुमच्या पत्रात ‘देणं’, ‘दया’, ‘मदत’ हे शब्द सहज येतात. त्यामागे एक गृहीतक आहे: ती जागा पूर्ण तुमची, आणि तिच्यातून त्यांना काही द्यायचं की नाही ही तुमची मर्जी. हे गृहीतक कायद्यात टिकत नाही. शशिकला काकोडकर मुख्यमंत्री असताना, १९७५ साली, मुंडकारांना घरातून काढण्यापासून संरक्षण देणारा कायदा झाला. भाटकाराच्या संमतीने त्याच्या जमिनीतल्या घरात कायम राहणारा माणूस मुंडकार. त्याने चाकरी केली असो वा नसो. हा हक्क वारसांकडे जातो. मुंडकाराला घर आणि भोवतालची जागा विकत घेण्याचाही हक्क आहे: पंचायत हद्दीत ३०० चौरस मीटर, पालिका हद्दीत २०० चौरस मीटर. आपसात जमलं नाही तर मामलेदार ठरवतो, किमतीसकट.

मात्र भाटात राहणारा प्रत्येक जण मुंडकार नसतो, आणि तसे खोटे दावेही होतात. भाडं देऊन राहणारा भाडेकरू, मालकाच्या आवारातल्या खोलीत राहणारा पगारी गडी, कारखान्याने कामासाठी दिलेल्या जागेतला कामगार, दुसऱ्याचं घर सांभाळायला ठेवलेला केअरटेकर, हे या व्याख्येबाहेर आहेत. तुम्ही लिहिता त्यावरून भाडं नाही, पगार नाही, घर वेगळं आणि तीन पिढ्यांचं. हे मुंडकारच दिसतात.

आता हिशेब करा. ३०० चौरस मीटर म्हणजे २४०० चा आठवा हिस्सा. बिल्डरच्याच भावाने त्याचे साठ लाख होतात. ज्याला साठ लाखांच्या जागेवर हक्क सांगता येतो त्याला पाच लाख देऊन उठवायचं, आणि त्याला त्या हक्काची कल्पना नाही यावर सगळा व्यवहार उभा करायचा, हा बाराव्या हिश्श्यातला सौदा आहे. बायबलमधल्या ‘पहिले राजे’ या पुस्तकाच्या २१ व्या अध्यायात अहाब राजाने नाबोथाकडे द्राक्षमळा मागितला, तेव्हा त्याने बदल्यात अधिक चांगला मळा किंवा रोख किंमत देऊ केली होती. पुढे त्याच्या राजवाड्याने खोटा आरोप ठेवून नाबोथाला मारवलं त्याबद्दल तो कुप्रसिद्ध आहे, पण सुरुवातीचा त्याचा देकार तुमच्या दिरापेक्षा बरा होता.

तुमच्या यजमानांचं लँड रेव्हेन्यू कोडवालं वाक्य चटकदार आहे. लेवीयच्या २५ व्या अध्यायासमोर मात्र ते टिकत नाही. तो सगळा अध्याय जमिनीचा कायदा आहे. पन्नासाव्या वर्षी जमीन मूळ कुटुंबाकडे परत जायची. तटबंदीच्या शहरातलं विकलेलं घर सोडवायला एक वर्षाची मुदत. तट नसलेल्या खेड्यातलं घर मात्र शेतजमिनीबरोबर मोजायचं, म्हणजे तेही परत जायचं. शहर आणि खेडं यांना वेगवेगळं माप हे आपल्या मामलेदारांच्याही आधीचं आहे! आणि या सगळ्याचं कारण तिथे दिलं आहे: जमीन देवाची, तुम्ही तिच्यावर राहणारे पाहुणे. त्या हिशेबाने भाटकारही मुंडकारच ठरतो.

कृपेबद्दल यजमान अर्धं बरोबर बोलतात, आणि ते अर्धं सोडू नका. इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायातली ८ आणि ९ ही वचनं सगळ्यांना पाठ असतात: तारण कृपेने, कर्मांनी नव्हे. दहावं वचन लगेच पुढे आहे, की आपण सत्कृत्यांसाठी घडवले गेलो आहोत. ती कृत्यं तारणाची किंमत नव्हेत, तारलेल्या माणसाचा तो रोजचा धंदा आहे. लूकच्या १९ व्या अध्यायातला जकातदार जक्कय पाहा. येशू आधी म्हणतो, आज मला तुझ्या घरी उतरायचं आहे. जक्कयाने तोवर एक दिडकीही परत केलेली नाही. पाहुणा घरात आल्यावर तो उभा राहून सांगतो: निम्मी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याला फसवून घेतलं त्याला चौपट. कृपा आधी, परतफेड नंतर. पण परतफेड टळली नाही, आणि ती रकमेत सांगितली गेली. गणनाच्या पाचव्या अध्यायाप्रमाणे चूक कबूल करणाऱ्याने मुद्दल आणि वर पाचवा हिस्सा द्यायचा असतो. चौपट हा निर्गमच्या २२ व्या अध्यायात मेंढरू चोरून कापणाऱ्याला लावलेला दंड. जक्कयाने स्वतःला सौम्य कलम लावून घेतलं नाही. (हे प्रोटेस्टंट की कॅथलिक, असा वाद घरात निघालाच तर कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथाचा २४१२ वा परिच्छेद दाखवा. अन्यायाने घेतलेलं मालकाला परत करायला तो सांगतो, आणि दाखला जक्कयाचाच देतो.)

मग कृपेचा उपयोग काय? ज्याला आपली आणि आपल्या घराण्याची अब्रू स्वतःच्या चांगुलपणावर तोलून धरायची आहे, त्याला ‘आमच्या आईने ना-हरकत अडवून चूक केली’ हे वाक्य उच्चारता येत नाही. ज्याचं तारण त्या चांगुलपणावर टांगलेलं नाही, त्याला ते म्हणता येतं. यजमान कृपेचा शब्द फाइल बंद करायला वापरतात. तो फाइल उघडायला जास्त कामाचा आहे.

एक खोच तुमच्यासाठीही आहे. झोप परत यावी म्हणून जागा द्याल, तर पुढे वर्षभर त्या बाईंच्या चेहऱ्यावर कृतज्ञता शोधत बसाल. ती दिसली नाही की रागवाल. त्यांच्या मुलाने उद्या तिथे दुमजली घर बांधलं, गाणी मोठ्याने लावली, किंवा ‘एवढी वर्षं कुठे होतात’ असं विचारलं, तरी देणं देणंच राहतं. त्यांच्या चांगल्या वागणुकीची अट घालू नका. त्यांच्या धर्माबद्दल, प्रार्थनेला येण्याबद्दल या व्यवहारात एक अक्षरही येऊ देऊ नका, आणि गटात साक्ष म्हणून हे सांगू नका. ती गोष्ट त्यांच्या घराची आहे.

क्षमा मागावी का? जरूर मागा, पण ती पुरेशी आहे असं समजू नका, आणि पहिल्याच दिवशी मागू नका. आधी काय देणार हे कागदावर ठरू द्या. नाहीतर तुमची माफी ऐकून घेण्याचं ओझंही त्यांच्याच डोक्यावर. जाल तेव्हा त्यांच्या घरी जा, त्यांना आपल्या बल्कांवावर (घरापुढच्या ओट्यावर) बोलावू नका. पिढ्यान्‌पिढ्या तिथे उभं राहूनच बोलायची त्यांना सवय आहे. तुम्ही आणि यजमान, दोघंच. केक नको, फोटो नको. सांगायचं एवढंच: तुमच्या सासूबाईंनी आमच्या घरी बिनमजुरीचं काम केलं, तुमची ना-हरकत आम्ही अडवली, हे चुकलं, आम्ही अमुक करणार आहोत, अमुक तारखेपर्यंत. ‘आम्हाला माफ केलंत ना?’ असं विचारू नका. समोर भाटकार बसलेला असताना या प्रश्नाला ‘नाही’ म्हणता येत नाही.

बिनमजुरीच्या त्या कामाचा हिशेब आता कुणाला मांडता येणार नाही. पण एक मार्ग हाताशी आहे. कायदा मुंडकाराला जागा विकत देतो, फुकट नव्हे. ती किंमत तुम्ही तिघा वारसांनी घेऊ नका. ३०० चौरस मीटर हा कायद्याचा किमान भाग झाला. किंमत सोडणं ही त्या वृद्धेच्या घामाची उशिराची फेड. स्टँप ड्युटी आणि नोंदणीचा खर्चही तुम्हीच करा. हे पैसे कपेलाला (छोट्या चर्चला) किंवा फेस्ताला द्यावेत असं घरात कुणी सुचवेल. गणनाचा तोच पाचवा अध्याय त्यावर स्पष्ट आहे: भरपाई ज्याची त्याला, घ्यायला जवळचा नातलगच उरला नसेल तर मग याजकाकडे. इथे सून आणि नातू आहेत.

आता कामाचा भाग. तुमच्यासारख्या इतरांनाही तो लागेल.

पहिलं, एक-चौदाचा उतारा (गोव्याचा सातबारा) आणि सर्वे प्लॅन काढा. उताऱ्यात ‘इतर हक्क’ या रकान्यात मुंडकाराचं नाव आहे का, प्लॅनवर घर दाखवलं आहे का, ते पाहा. नसलं म्हणून हक्क संपत नाही, फक्त पुरावा जमवावा लागतो: पंचायतीची घरपट्टी, वीजबिल, मतदार यादी, जुनं रेशनकार्ड. तुमच्याकडे असलेले कागद लपवू नका, त्यांच्या प्रती त्यांना द्या. घराण्याच्या पेटाऱ्यात एखादं जुनं पत्र असतं, त्यात मुंडकाराचं नाव निघतं. नेमकं तेच फाडायचा मोह होतो.

दुसरं, त्यांना स्वतःचा वकील घ्यायला सांगा. तुमच्या वकिलाने दोन्ही बाजू सांभाळणं बरं नव्हे. खर्चाची अडचण नाही: विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ प्रमाणे स्त्रीला तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे बाईंनी स्वतःच्या नावाने अर्ज करावा. मुलाच्या नावाने केला तर उत्पन्नाची अट आडवी येऊ शकते.

तिसरं, तुमच्याकडचे वारस आधी ठरू द्या. वाटणी झाल्याशिवाय नवऱ्याने एकट्याने ‘माझ्या हिश्श्यातला हा कोपरा दिला’ म्हणणं हवेत राहतं. सक्सेशन डीड, म्हणजे वारस कोण ते नोंदवणारं खत, करून घ्या. वाटणीवर एकमत नसेल तर न्यायालयात इन्व्हेंटरी, म्हणजे मालमत्तेची यादी करून वाटणी. हे २०१२ च्या गोवा वारसा कायद्याखाली चालतं, जो २०१६ पासून लागू आहे. दिराचा मुखत्यारनामा परदेशात होईल. तो भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर इथला स्टँप लागला पाहिजे. ही मुदत चुकते आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. मुखत्यारनाम्यात ‘मुंडकाराला जागा देण्याचा अधिकार’ असं स्पष्ट लिहून घ्या. नुसतं ‘मालमत्तेचा सांभाळ’ लिहिलेल्या कागदावर कुणी पुढे जाऊ देणार नाही.

चौथं, रस्ता दोन. एक, मुंडकाराने मामलेदाराकडे अर्ज करायचा आणि तुम्ही लेखी कळवायचं की त्यांचं राहणं आणि मुंडकारपण आम्हाला मान्य आहे. अशी प्रकरणं वर्षानुवर्षं रेंगाळतात त्याचं एक कारण भाटकाराच्या जबाबातलं ‘हे आमचे मुंडकार नव्हेत’ हे ठरीव वाक्य असतं. दुसरा, थेट नोंदणीकृत खत: विक्रीचं वा बक्षीसपत्राचं. भाट ऑर्चर्ड किंवा शेती झोनमध्ये असेल तर छोट्या तुकड्याची नोंद नगरनियोजन खात्याच्या ना-हरकतीवर अडू शकते, म्हणून झोनिंगचा दाखला आधी पाहा आणि मग रस्ता निवडा. शंभराच्या स्टँप पेपरवर नोटरी केलेलं ‘आम्ही जागा दिली’ हे पत्र मालकी देत नाही. मनापासून दिलेल्या कितीतरी जागा याच कागदामुळे पुढच्या पिढीत भांडणात जातात. खतावर सह्या झाल्यापासून चार महिन्यांत नोंदणी व्हावी लागते, आणि नोंदणीनंतर म्युटेशन (फेरफार) करून एक-चौदावर नाव चढेपर्यंत काम पुरं झालं असं समजू नका.

पाचवं, मोजणी. इथे मन मोठं आहे की लहान ते फुटपट्टीवर कळतं. ३०० मीटर भाटाच्या मधोमध पाडून दिले आणि वाट दिली नाही, तर उद्याचा बिल्डर कुंपण घालील आणि त्यांचा पिकअप रस्त्यावरच राहील. तीन मीटर रुंद वाट नकाशावर दाखवा आणि खतात लिहा. २५ मीटर लांब धरली तरी ती ७५ चौरस मीटर होते. ती ३०० मधून कापू नका. बांय (विहीर) तुमच्या हद्दीत राहत असेल तर पाणी नेण्याचा हक्क लेखी द्या. संडासाचा सोकपिट (शोषखड्डा) बांयपासून निदान १५ मीटर तरी लांब बसतो का ते आखणीआधीच पाहा, कारण आपल्या चिऱ्याच्या जमिनीतून पाणी भराभर झिरपतं. हद्दीतले माड त्यांचे झाले, पाडेली (नारळ पाडणारा) पुन्हा तुमच्या नावाने चढवू नका. आणि मुंडकाराच्या बाजूचे सगळे वारस कागदावर येऊ द्या. दोडामार्गला दिलेली एखादी मुलगी विसरली जाते आणि दहा वर्षांनी ती किंवा तिची मुलं दारात उभी राहतात.

संडासाची आणि छपराची ना-हरकत मात्र या सगळ्यासाठी थांबवू नका. ती याच आठवड्यात, तिघा वारसांच्या संमतीने, लेखी द्या. दिराची संमती व्हॉट्सअॅपवर आली तरी यजमान आपल्या सहीने देऊ शकतात का, हे वकिलाला विचारा. साठीच्या बाईने आणखी एक पावसाळा आडोसा शोधत काढायचा, याला वाटण्यांचं कारण चालणार नाही.

यजमान तयारच झाले नाहीत तर? त्यांच्यावर वचनं फेकू नका. बायबलने हरवलेला नवरा मनातून बाजू बदलत नाही. त्यांना साठ लाखांचा हिशेब आणि कायद्याची प्रत दाखवा, विचार करायला महिनाभर द्या. पाठीमागून काही करू नका. पण दोन गोष्टी तुमच्या हातात राहतात, आणि त्या त्यांना आधीच सांगून ठेवा. जागा रिकामी करून देण्याच्या कुठल्याही खतावर मी सही करणार नाही. आणि मामलेदाराने विचारलं तर खरं तेच सांगेन. आज्ञापालन म्हणून एवढं तुमच्या वाट्याला आलं आहे. दिराचं आणि नणंदेचं मन वळवणं त्यात येत नाही. बिल्डर कदाचित मागे फिरेल. कदाचित २१०० मीटर घेईल, कोपऱ्यातलं घर सोडून. हे त्याला अजून कुणी विचारलेलंच दिसत नाही, तेव्हा आधी विचारा. वाटेचे ७५ मीटर त्या आकड्यातून वजा होतील हेही त्याच वेळी सांगा.

ज्यांचं भाट मोठं नाही, स्वतःचंच घर ४०० मीटरच्या तुकड्यावर आहे आणि त्यातच मुंडकार आहे, त्यांना हे सगळं जसंच्या तसं लागू होणार नाही. किंमत सोडणं त्यांना परवडणारं नसेल तर घ्यावी, हप्त्याने घ्यावी. हक्क मात्र नाकारू नये.

मोजणी पावसाआधी करून घ्या. जूननंतर भाटात कमरेएवढं गवत वाढतं आणि जुने दगड सापडत नाहीत. सर्वेयर येईल त्या दिवशी त्या बाईंना आणि त्यांच्या मुलाला सोबत उभं करा. दगड कुठे बसला ते दोन्ही घरांनी पाहिलेलं असू द्या.